एका बापाचं एकच

यादीत गोदीचं नाव तिसरं होतं, उत्तमचं पाचवं, आणि जागा सहा निघाल्या होत्या. एवढं ऐकल्यावर कुठलीही आई देवापुढे नारळ फोडून मोकळी झाली असती. सगुणाने मनातल्या मनात तो फोडलाही. मग गोदीने यादीखाली डकवलेला दुसरा कागद वाचायला घेतला आणि नारळ नासका निघाला.

शाळेच्या कचेरीबाहेरच्या फळ्यापुढे त्या गुरुवारी पंचवीस-तीस माणसं तरी होती. ठाण्यात हायस्कुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात कोकणातून, देशावरून पोटासाठी आलेली आणि फाळणीनंतर इकडे फेकली गेलेली माणसं, आणि सगळ्यांचीच पोरं जणू ठरवून याच वर्षी सातवी पास झालेली. आठवीचे दोन वर्ग केव्हाच भरले होते. उरलेल्यांसाठी ही यादी. कुणी जागा सोडली की पुढच्याने आत शिरायचं. तीन आठवडे सगुणा गोदीला घेऊन कोपरीहून रुळांपलीकडे खेटे घालत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोदीची ओळ कुठली ते ती लांबून दाखवू शकली असती. अकरावरून सात, सातावरून तीन.

"एका पालकाच्या एकाच पाल्यास प्रवेश मिळेल," गोदीने वाचलं. "पालकांनी शनिवारी दुपारी बारापर्यंत स्वतः येऊन कोणास प्रवेश घ्यावयाचा ते लेखी सांगावे. न आल्यास दोन्ही नावे रद्द होतील."

"म्हंजे काय गं?"

"या वर्षी जागा कमी, म्हणून एका बापाचं एकच पोर घेणार."

"मग बरा हाय की. तुझा बाप निराला, उत्तमचा निराला."

गोदी फळ्याकडेच बघत राहिली. "कागदावर एकच हाय, आये."

सगुणा विसरली नव्हती, फक्त आजवर ते आठवलं की तिला बरं वाटायचं. सत्तेचाळीस सालचा दसरा. मढव्यांच्या घरातून शाळेत जाणारी ही पहिलीच दोन पोरं. गोदी सहा वर्षांची, तिच्या चुलत्याचा मुलगा उत्तम सात वर्षांचा. गोदीचा बाप रघु त्या हंगामात लांबच्या मिठागरावर होता. म्हणून थोरला भाऊ गोपीनाथ दोघांना दोन हातांना धरून घेऊन गेला. परशुराम मास्तरांनी मुलाच्या बापाचं नाव विचारलं तेव्हा त्याने आपलं सांगितलं, मुलीच्या बापाचं विचारलं तेव्हाही आपलंच. मास्तर थांबले, तसा म्हणाला होता, "लिहा ओ मास्तर. घरात दोन बाप कशाला पायजेत?"

तो खोटं बोलला असं गावात कुणालाच वाटलं नाही. मिठागरावरच्या त्या घरांची रीतच होती. बाहेरच्या कागदावर थोरल्याचं नाव चालायचं. रेशनकार्डावर तो, देवळाच्या वर्गणीत तो, होडीच्या परवान्यावर तो. धाकट्याचं नाव यायचं ते फक्त त्याच्या बायकोच्या उखाण्यात. सगुणाने त्या दसऱ्याला आळीत गूळखोबरं वाटलं होतं. बघा, थोरले भावोजी माझ्या पोरीला आपली म्हणतात. आता त्या खोबऱ्याची चव तिच्या तोंडात कडू झाली.

परतताना मायलेकी थेट परशुराम मास्तरांकडे गेल्या. मास्तर कोपरीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून आता निवृत्तीला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि चूक आपलीच म्हणून कबूल करून टाकलं. मग म्हणाले, "यावर इलाज आहे. दोघा भावांनी उद्या मामलेदार कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, की मुलगी धाकट्याची, नोंद चुकून थोरल्याच्या नावावर झाली. अर्ध्या तासाचं काम. मी साक्षीला येतो. वरचे मला बोलतील तर बोलू देत, माझं एकच वर्ष उरलंय. पण सही दोघांची हवी. एकट्या रघुनाथची चालणार नाही."

"तसं केलं तर दोघां पोरांना जागा?"

"दोघांना. तिसरा नंबर, पाचवा नंबर. सुंठीवाचून खोकला जाईल."

सगुणा घरी आली ती जवळजवळ धावतच. मागे गोदी पाटीदप्तराशिवाय मोकळे हात हलवत येत होती. ही पोर तालुक्याच्या सातवीच्या परीक्षेत मुलींत दुसरी आली होती. शाळा मिळाली नाही तर तिचं पुढे काय, हे घरात कुणी विचारायची गरज नव्हती. माजिवड्याचं स्थळ चालून आलेलंच होतं. ठमाबाईच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या, मावसबहिणीचा मुलगा. दिवाळीला साखरपुडा आणि पोर पंधराची झाली की लग्न. सगुणा स्वतः तशाच एका दिवाळीला या घरात ठरली होती.

संध्याकाळी पुरुष जेवून ओटीवर बसले. गोपीनाथ, रघु आणि त्यांची थोरली बहीण आवडाबाई. आवडाबाई दिव्याहून पावसाळ्याची सुकट न्यायला आली होती आणि आयतीच पंचायतीत सापडली, किंवा तिला वाटलं तसं, पंचायत तिच्या हातात सापडली. सगुणा दाराआड उभी राहिली. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरापुढे तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची दुसरी रीत. पंधरा वर्षांत ती गोपीनाथशी थेट एक अक्षर बोलली नव्हती. तो तीन पावलांवर उभा असला तरी म्हणायची, "गोदे, आबांना सांग, भात झालाय." आणि तोही गोदीलाच सांगायचा, "वाढ म्हणावं."

मग मास्तरांचं म्हणणं गोदीनेच सांगितलं, धडा म्हणून दाखवावा तसं, न अडखळता.

सगळ्यात आधी उचलून धरलं ते ठमाबाईने. एरवी ती सगुणाच्या हातचं मीठही चाखल्याशिवाय घ्यायची नाही. पण तिचा हिशेब सरळ होता. सही झाली तर उत्तमची जागा पक्की, नाही झाली तर पाचव्यापुढे तिसरी उभी. ती दाराशी आली आणि तिने सगुणाचा हात घट्ट धरला. आवडाबाईनेही मान हलवली. अर्ध्या तासाच्या कामासाठी दोन पोरांची वर्षं कोण घालवील, असं तिने विचारलं. रघु नुसता हसला. सगुणाने आपल्या नवऱ्याचं ते हसू दाराच्या फटीतून पाहिलं आणि तिला वाटलं, झालं.

गोपीनाथ बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"रघ्या," तो म्हणाला, "आपला बाप खाडीत बुडाला तवा तू सात वर्सांचा होतास. पंच आले, बोलले, वाटणी करून ठेवा, म्होरं भांडाल. मी काय बोललो?"

"दोन नावां होणार नाय बोललास," रघु म्हणाला.

"आन आता मीच कोर्टात उभा राहून बोलू, ही पोर माझी नाय? शपथ घेऊन? उद्या गाव काय बोलेल? मढवी वेगले झाले. दवंडी पिटायची काय गरज?"

मास्तरांनी सांगितलं होतं, हा नुसता कागद आहे, घर फुटत नाही. आवडाबाईने तसं म्हणूनही पाहिलं. गोपीनाथ म्हणाला की नुसता कागदच आहे तर मग आधीचाच राहू दे. तो दुष्ट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. रघुला त्याने काखेत घेऊन वाढवलं होतं. गोदीला गोवर झाला तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसला होता तोही तोच. म्हणूनच त्याच्यापुढे बोलणं अवघड जायचं. दुष्टाशी भांडता येतं, उपकारकर्त्यापुढे माणूस मान खाली घालून बसून राहतो.

मग तो उठता उठता म्हणाला, "शनिवारी मीच जाईन. गोदीचा नंबर वर हाय, ती जाईल. न्याय तो न्याय."

सगुणाने मनातल्या मनात पुन्हा नारळ फोडला. आणि त्याच क्षणी तिच्या मनगटावरचा ठमाबाईचा हात सुटला.

पुढचं सारं त्या सुटलेल्या हातानेच केलं. ठमाबाई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली की पोटच्या पोराला मिठागरात गाडून परक्याच्या घरी जाणाऱ्या पोरीला शिकवणारा बाप तिने जन्मात पाहिला नव्हता. नंतर ती माजघरात भिंतीकडे तोंड करून निजली आणि शुक्रवारी सकाळी उठलीच नाही, चूल पेटवली नाही की पाण्याचा थेंब घेतला नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत आवडाबाईचाही वारा फिरला. तिने सगुणाला परसात गाठून समजावलं. पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली. मुलगा हायस्कुलात गेला तर उद्या घराला हात देईल. आणि माजिवड्याचे लोक जास्त शिकलेली पोर करतील का, याचाही विचार करायला हवा.

"काल तुमीच बोललात, दोघांचा वर्स कोण घालवील," सगुणा म्हणाली.

"कालचा काल गेला गं बाय," आवडाबाई म्हणाली आणि सुकटीची टोपली बांधायला बसली.

सगुणा भाकरी घेऊन मिठागरावर गेली. हंगाम संपत आला होता. पावसाआधी मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारायची घाई चालली होती. रघु कमरेइतक्या राशीवर वाकून दोर आवळत होता. त्याच्या पायांना मिठाने भेगा पाडल्या होत्या, तिथे तिने बोट लावलं तसा तो कळवळला.

तिने त्याला सांगितलं की दादाला एकदा, फक्त एकदा सांगा. सही करा म्हणावं. दोघंही पोरं जातात, कुणाचं काही जात नाही. रघुने भाकरी खाल्ली, तोंड पुसलं आणि दादा अन्याय करणार नाही, असं सांगितलं. त्याने गुरुवारी सगळ्यांदेखत शब्द दिलाय. गोदीचा नंबर वर आहे.

"आन थोरली बाय रातपासून उपाशी पडलीय, त्याचा काय?"

"दादा बायकोचा ऐकणारा नाय."

"तुमी तुमच्या पोरीचे बाप हाय का नाय?"

रघुने खाडीकडे बघितलं. "मी कवा बोललो नाय, सगुणे. आता कसा बोलू?"

तिला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एकाचाही उपयोग झाला नाही. निघताना त्याने तिला थांबवलं. मिठाचं एक रिकामं गोणपाट त्याने दोन वेळा गोड्या पाण्यात धुऊन वाळत घातलं होतं. त्यातला खार निघाला की गोदीला दप्तर शिवायचं म्हणाला. हायस्कुलात पाटी चालत नाही, वह्या लागतात, वह्यांना दप्तर लागतं. त्याने हे कुणालातरी विचारून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी गोपीनाथ पांढरा सदरा घालून, टोपी नीट करून निघाला. आत ठमाबाई भिंतीकडे तोंड करून तशीच. ओटीच्या पायरीवर गोदी तांदूळ निवडत बसली होती. सगुणा माजघरातून सरळ बाहेर आली आणि दिराच्या वाटेत उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने सोडला नाही, पण मान वर केली.

"भावोजी," ती म्हणाली, "सही करा."

गोपीनाथ दोन पावलं मागे सरकला. पंधरा वर्षांत त्याने हा आवाज ऐकला होता तो दुसऱ्याच कुणाकडे वळलेला.

"मास्तर मामलेदार कचेरीशी थांबलेत. यांना मी आगरावरून बोलावून आनते. बारा वाजायला येल हाय. पोर तुमचीच हाय, तुमच्याच घरात राहील, तुमालाच आबा बोलेल. फकत कागदावर तिच्या बापाला बाप होऊ द्या. तुमच्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. आवडाबाई टोपलीपाशी तोंडावर हात घेऊन बसली होती. गोपीनाथचा चेहरा लाल झाला, मग उतरला. तो काहीतरी म्हणेल असं क्षणभर वाटलं, आणि म्हणालाही, पण तिला नाही.

"गोदे," तो पोरीकडे बघत म्हणाला, "तुझ्या आयेला सांग, मीच तुझा बाप हाय. बाप पोरीचा वाईट करील का?"

गोदीने आईला काही सांगितलं नाही. गोपीनाथ चपला घालून निघून गेला. त्या वाटेकडे बघत सगुणाला वाटलं, करणार नाही वाईट. शब्द दिलाय. एवढ्यासाठीच कदाचित सही नको म्हणाला असेल, की जागा त्याच्याच हातून गोदीला मिळावी. माणूस बुडताना काडी धरतो म्हणतात, तिने तर दिराचा अभिमानच धरला.

बाराला तो शाळेत होता, दीडला घरी आला. सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने कुणाकडेच न बघता पुढे केला. घरात धड वाचणारी दोनच माणसं, आणि उत्तम परसात जाऊन उभा राहिला होता. कागद गोदीने घेतला.

"उत्तम गोपीनाथ मढवी, इयत्ता आठवी, तुकडी ब," तिने वाचलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "गोदा गोपीनाथ मढवी. पालकांच्या इच्छेनुसार नाव कमी केले."

मग तिने कागदाची घडी जशी होती तशी घातली.

ठमाबाई आतून उठल्याचा आवाज आला. पाण्याच्या हंड्यावर तांब्या वाजला.

गोपीनाथ ओटीवर बसला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. त्याने सांगितलं की कारकुनाने विचारलं, दोन्ही तुमचीच का? आपण हो म्हणालो. मग त्याने दोन नावं पुढे ठेवली आणि टाक हातात दिला.

"भावाची पोर असती तर तिच्या जागेला हात लावायची माझी छाती झाली नसती," तो म्हणाला. "गावाने तोंडात शेण घातला असता. पन मी आपल्याच पोरीची घेतली. बापाने आपल्या पोरीचा घेतला तर ती काय चोरी होते?" आता तो गोदीशी बोलत नव्हता, भिंतीशीही नाही. "तिचा लगीन असा करीन का कोपरीत झाला नसेल. कन्यादान मी सोता करीन."

सगुणाने पदर सोडला. तो खांद्यावर आला, तिथेच राहिला.

"कन्यादान करूनच आलाव तुमी," ती म्हणाली. "आता नुसता जेवन घालायचा राहिलाय."

तेवढ्यात मागच्या दाराने रघु आला. मिठागरावरून अर्ध्या सुट्टीत येताना त्याने ते धुतलेलं गोणपाट काखेत मारून आणलं होतं. आता त्याला खाराचा वास येत नव्हता. त्याने सगळ्यांची तोंडं बघितली आणि हसत हसतच विचारलं, "गोदे, कवापासून जायचा मग?"

"माझं नाव कमी केलं, भाऊ," गोदी म्हणाली. ती चुलत्याला आबा म्हणायची आणि बापाला भाऊ. तसंच तिला शिकवलं होतं.

रघुने भावाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. पंधरा वर्षांत सगुणाने कालचं सोडून या माणसाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता एकच शब्द मागत होती, कुठलाही.

"रघ्या," गोपीनाथ म्हणाला, "पाय धू. जेवायला बस."

रघुने गोणपाट खुंटीला अडकवलं, परसात जाऊन भेगाळलेल्या पायांवर पाणी घेतलं आणि आत येऊन भावाच्या शेजारच्या पाटावर बसला. त्या दिवशी वाढायची पाळी सगुणाची होती. तिने दोघांना भात वाढला, आधी थोरल्याला, मग धाकट्याला.

सोमवारी शाळा सुरू झाली. त्याआधी रविवारी ठमाबाईने खुंटीवरचं गोणपाट काढून उत्तमसाठी दप्तर बेतलं. पट्टा मात्र तिला नीट बसवता येईना. तो गोदीने लावून दिला. तिचा हात शिवणात चांगला होता.